ड्रायव्हरमधला वेग आणि तारेवरचा वेग: २४ मेगाहर्ट्झच्या छोट्या लॉजिक अ‍ॅनालायझरचा दोन वर्षांचा अनुभव

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून दोन वर्षांपूर्वी मी आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा एक लॉजिक अ‍ॅनालायझर, म्हणजे तारांवरचे शून्य-एक संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे उपकरण, विकत घेतला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, एका बाजूला यूएसबीचे तोंड, दुसऱ्या बाजूला दहा पिना आणि सोबत रंगीत जंपर तारांची एक जुडी, असा हा सगळा संच हजार रुपयांच्या आत मिळाला. डबीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरही अशाच डब्या मिळतात आणि आतली रचना बहुतेक सगळ्यांची सारखीच असते. या काळात मी तिच्याकडून मुख्यतः एकच काम करून घेतले: ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आपण बसचा, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या सामाईक तारांचा, जो वेग लिहितो, तो प्रत्यक्ष तारेवर उतरतो की नाही हे पाहणे. त्यामुळे हे परीक्षणही त्याच कामापुरते आहे.

हे काम वेगळे करावे लागते, कारण ड्रायव्हरमध्ये लिहिलेला वेग ही केवळ मागणी असते. आय-टू-सी या दोन तारांच्या बसचे उदाहरण घेऊ; एका तारेवर डेटा जातो, दुसरीवर त्याला ताल देणारे क्लॉकचे ठोके. फिलिप्सने ही बस १९८२ मध्ये आणली तेव्हा तिचा वेग १०० किलोहर्ट्झ होता. १९९२ मध्ये ४०० किलोहर्ट्झचा फास्ट मोड आला आणि २००७ मध्ये १ मेगाहर्ट्झचा फास्ट मोड प्लस. लिनक्समध्ये डिव्हाइस ट्रीतील (बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलीतील) ‘क्लॉक-फ्रिक्वेन्सी’ या गुणधर्मापुढे आपण ४००००० लिहितो आणि काम झाले असे समजतो. परंतु बस चालवणाऱ्या कंट्रोलरला हर्ट्झ कळत नाहीत, त्याला भाजक कळतो. त्याच्याकडे येणाऱ्या मूळ क्लॉकला एका पूर्णांकाने भागून जो वेग निघेल तोच तारेवर येतो, आणि तो पूर्णांक कसा निवडायचा याचे प्रत्येक चिपचे नियम निराळे असतात.

रास्पबेरी पायच्या पहिल्या पिढीतील बीसीएम-२८३५ ही चिप पाहा. तिचा कोअर क्लॉक २५० मेगाहर्ट्झ आहे. ४०० किलोहर्ट्झसाठी भाजक येतो ६२५; पण ही चिप विषम भाजकाला खालच्या सम संख्येवर आणते, म्हणजे ६२४ धरते, आणि मग वेग ४००.६ किलोहर्ट्झ होऊन मर्यादा ओलांडतो. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर आधीच ६२६ निवडतो आणि आपल्याला सुमारे ३९९.४ किलोहर्ट्झ मिळतात. हा फरक नगण्य आहे. मात्र त्याच चिपच्या माहितीपत्रकात कोअर क्लॉक नाममात्र १५० मेगाहर्ट्झ धरलेला आहे आणि रिसेटनंतरचा भाजक १५०० आहे. माहितीपत्रकावर विसंबून कोणी तो तसाच ठेवला, तर १०० ऐवजी जवळजवळ १६७ किलोहर्ट्झ मिळतील, आणि हा फरक नगण्य नाही. एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या बसमध्येही हेच घडते. त्याच २५० मेगाहर्ट्झवरून १० मेगाहर्ट्झ मागितले, तर भाजक २५ चा २६ होतो आणि तारेवर ९.६१५ मेगाहर्ट्झ येतात. आयएमएक्स-६ या चिपची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे पूर्ण ४०० किलोहर्ट्झवर क्लॉकचा खालचा काळ १.३ मायक्रोसेकंदांच्या किमान मर्यादेपेक्षा कमी पडतो, हे उत्पादकाने चिपच्या दोषसूचीत मान्य केले आहे. त्यामुळे वेग ३८४ किलोहर्ट्झपर्यंतच ठेवावा लागतो आणि लिनक्समधील ड्रायव्हरही तेवढीच मर्यादा घालतो.

यांपैकी काहीही सॉफ्टवेअरमधून सहज दिसत नाही. सिसएफएसमध्ये (लिनक्स कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींत) जाऊन बसच्या नोडची, म्हणजे डिव्हाइस ट्रीतील तिच्या नोंदीची, क्लॉक-फ्रिक्वेन्सी वाचली, तर आपण लिहिलेला आकडाच आपल्याला परत मिळतो. बसवरील उपकरणांचे पत्ते शोधणारी आय-टू-सी-डिटेक्ट ही आज्ञा कोण हजर आहे ते सांगते, पण ते कोणत्या वेगाने बोलत आहे हे सांगत नाही. वेग समजून घ्यायचा असेल, तर तारेलाच विचारावे लागते.

या डबीने पैसे वसूल करून दिले तो प्रसंग सविस्तर सांगते. दूध शीतकरण केंद्रातील टाक्यांचे तापमान नोंदवणारे एक उपकरण आमचा गट तयार करत होता. एकाच आय-टू-सी बसवर ३२ किलोबाइटची ईईप्रॉम (वीज गेली तरी नोंद जपणारी मेमरी), डीएस-३२३१ हे घड्याळ आणि दीड मीटर केबलच्या टोकाला तापमानाचा सेन्सर होता. साठवलेली संपूर्ण नोंद वाचायला सुमारे तीन सेकंद लागत होते आणि तेवढा वेळ पडदा गोठल्यासारखा दिसे. हिशेब सरळ होता. ३२,७६८ बाइट आणि प्रत्येकाला पोचपावतीच्या बिटासह नऊ क्लॉक, म्हणजे जवळपास २,९५,००० क्लॉक. १०० किलोहर्ट्झवर ते २.९५ सेकंद होतात, ४०० वर पाऊण सेकंदाच्या आत बसतात. बसवरचे तिन्ही घटक ४०० किलोहर्ट्झ झेपणारे होते. (याच घड्याळाचा जुना भाऊ डीएस-१३०७ असता, तर हा विचार तिथेच थांबला असता, कारण तो १०० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही, आणि बसचा वेग नेहमी तिच्यावरच्या सर्वांत संथ घटकाला पेलेल इतकाच ठेवावा लागतो.)

डिव्हाइस ट्रीत ४००००० लिहिले, कर्नल पुन्हा बांधला, बोर्ड सुरू केला. वाचन तरीही तीन सेकंदांचेच. त्यानंतरचे तीन दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधण्यात घालवले. ईईप्रॉमचा ड्रायव्हर बाइट एकेक करून वाचत असेल, अ‍ॅप्लिकेशनमधला धागा मध्येच झोपत असेल, ईईप्रॉमच बनावट असेल, अशा शंका एकामागून एक तपासून झाल्या. चौथ्या दिवशी ही डबी जोडली. पडद्यावर एका क्लॉकपासून पुढच्या क्लॉकपर्यंतचे अंतर बरोबर १० मायक्रोसेकंद दिसले. बस १०० किलोहर्ट्झवरच चालली होती.

चूक डिव्हाइस ट्रीत होती. आमच्या एका सहकाऱ्याचा हात एसपीआयवर बसलेला होता. एसपीआयमध्ये कमाल वेगाचा गुणधर्म प्रत्येक उपकरणाच्या नोडमध्ये लिहायचा असतो आणि तिथे ते योग्यही आहे, कारण निवडीची तार वेगळी असल्याने प्रत्येक उपकरणाशी निराळ्या वेगाने बोलता येते. आय-टू-सीमध्ये सगळे एकाच तारेवर ऐकत असतात, त्यामुळे वेग हा संपूर्ण बसचा असतो आणि तो कंट्रोलरच्या नोडमध्येच लिहावा लागतो. त्याने तो ईईप्रॉमच्या नोडमध्ये लिहिला होता. कर्नलने ना तक्रार केली ना इशारा दिला. कंट्रोलरच्या नोडमध्ये आकडा सापडला नाही म्हणून त्याने १०० किलोहर्ट्झ हे गृहीत मूल्य घेतले आणि काम सुरू ठेवले. ही चूक मी नंतर आणखी दोन ठिकाणी पाहिली आहे. म्हणूनच मला वाटते, की बसचा वेग बदलल्यावर पहिले मोजमाप तारेवर झाले पाहिजे, सॉफ्टवेअरमधला शोध त्यानंतर.

गुणधर्म योग्य नोडमध्ये हलवला. आता डबीवर ३.२ मायक्रोसेकंदांचा आवर्तनकाळ दिसला, म्हणजे सुमारे ३१२ किलोहर्ट्झ. वाचन ०.९५ सेकंदात होऊ लागले. काम भागले होते, पण ४०० चे ३१२ का झाले हा प्रश्न उरला, आणि या उपकरणाची खरी मर्यादा त्याच प्रश्नाने दाखवून दिली.

आय-टू-सीची तार खाली ओढण्याचे काम चिप करते, पण वर नेण्याचे काम पुल-अप रेझिस्टर करतो. रेझिस्टर आणि तारेचा कपॅसिटन्स (विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता) मिळून ती चढण किती सावकाश होईल हे ठरते: पुरवठ्याच्या ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढायला लागणारा वेळ हा रेझिस्टर आणि कपॅसिटन्सच्या गुणाकाराच्या ०.८४७ पट असतो. आमच्या बोर्डावर ४.७ किलोओहमचे रेझिस्टर होते. लांब केबलसह बसचा कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड धरला, तर हा वेळ ७९६ नॅनोसेकंद येतो. १०० किलोहर्ट्झच्या मोडमध्ये १००० नॅनोसेकंदांपर्यंत मुभा आहे, म्हणून तिथे सर्व सुरळीत होते. ४०० च्या मोडमध्ये मर्यादा ३०० आहे. अनेक कंट्रोलर क्लॉकची तार खरोखर वर गेल्याची खात्री झाल्यावरच वरचा काळ मोजायला सुरुवात करतात, त्यामुळे चढणीत गेलेल्या वेळाची प्रत्येक आवर्तनात भर पडते आणि प्रत्यक्ष वेग मागणीपेक्षा कमी पडतो. भाजक अचूक, ड्रायव्हर अचूक, तरीही वेग कमी, याचे कारण बहुधा हेच असते. डिव्हाइस ट्रीत चढण आणि उतार यांचा वेळ नॅनोसेकंदांत सांगणारे गुणधर्मही आहेत आणि काही ड्रायव्हर ते हिशेबात घेतात. पण त्यात लिहायचा आकडा आधी कुठेतरी मोजावा लागतो.

आणि तो या डबीने मोजता येत नाही. तिला शून्य आणि एक एवढेच दिसते. ज्या बोर्डांवर सेन्सर मधूनच पोचपावती देईनासा झाला होता, त्यांच्याही तरंगाकृती तिच्या पडद्यावर काटकोनी, स्वच्छ आणि सुबक दिसत होत्या. व्होल्टेजचा खरा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप लावल्यावर तीच तार करवतीच्या दातांसारखी दिसली. आम्ही रेझिस्टर १.५ किलोओहमचे केले, चढण सुमारे २५० नॅनोसेकंदांवर आली, वेग ३७० किलोहर्ट्झपर्यंत गेला आणि पोचपावतीच्या चुका थांबल्या. रेझिस्टर याहून फार कमी करता येत नाही, कारण सर्वसाधारण चिपने ३ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढावा अशी अपेक्षा असते आणि ३.३ व्होल्टवर ती मर्यादा साधारण ९७० ओहमला गाठली जाते.

डबीने सुबक चित्र दाखवले त्याला आणखी एक कारण आहे आणि ते खरेदीपूर्वी माहीत असावे. आत सायप्रेसची एफएक्स-२ एलपी ही यूएसबी चिप आहे. तिच्या लेखी ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक. आय-टू-सीच्या नियमानुसार ३.३ व्होल्टच्या बसवर ‘एक’ ओळखण्याची हमी पुरवठ्याच्या ७० टक्क्यांना, म्हणजे २.३१ व्होल्टला मिळते. सावकाश चढणाऱ्या तारेवर या डबीला ‘एक’ आधी दिसतो आणि सेन्सरला नंतर. म्हणजे तिने दाखवलेला वरचा काळ सेन्सरला मिळालेल्या काळापेक्षा मोठा असू शकतो. वेग मोजताना याने बिघडत नाही, कारण दोन लागोपाठच्या चढत्या कडांमधले अंतर तेच राहते; पण वरचा काळ ०.६ मायक्रोसेकंदांच्या किमान मर्यादेत बसतो का, असा प्रश्न असेल तर तिच्या उत्तरावर मी सही करणार नाही. १.८ व्होल्टच्या बसवर तर ती वापरूच नये. तिथला ‘एक’ तिच्या हमीच्या पातळीपर्यंत पोहोचतच नाही. काही प्रतींत चिपच्या आधी बफर बसवलेला असतो आणि पातळ्या थोड्या बदलतात, पण डबीवर तसे कुठेही लिहिलेले नसते.

अचूकतेबद्दल मात्र मी समाधानी आहे. २४ मेगाहर्ट्झवर दर ४१.७ नॅनोसेकंदांनी एक नमुना घेतला जातो. ४०० किलोहर्ट्झच्या एका आवर्तनात असे ६० नमुने बसतात, म्हणून एका नमुन्याची चूक १.७ टक्के होते. एकाच आवर्तनावर न थांबता एका बाइटच्या पहिल्या क्लॉकपासून नवव्या क्लॉकपर्यंत मोजले, तर आठ आवर्तनांत ४८० नमुने होतात आणि तीच चूक ०.२ टक्क्यांवर येते. ड्रायव्हरचा भाजक चुकला आहे की नाही हे ठरवायला इतके पुरेसे आहे. १ मेगाहर्ट्झच्या बसवरही एका आवर्तनात २४ नमुने मिळतात. एसपीआयसाठी मात्र ४ मेगाहर्ट्झला सहाच नमुने उरतात. त्यापुढे कडा कुठे होती हे खात्रीने सांगता येत नाही आणि १० मेगाहर्ट्झला डीकोड केलेले बाइटही चुकीचे येऊ लागतात. वर सांगितलेला ९.६१५ चा फरक या डबीने पकडण्याची अपेक्षा ठेवू नये.

सॉफ्टवेअर म्हणून मी सिगरॉक या मुक्त प्रकल्पाचे पल्सव्ह्यू वापरते. डबी जोडल्यावर तेच तिच्या मेमरीत एफएक्स-२-एलए-एफडब्ल्यू हे मुक्त फर्मवेअर चढवते. वीज गेली की ते पुसले जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा चढते, त्यामुळे आपल्याला काही करावे लागत नाही. लिनक्सवर उपकरण वापरण्याची परवानगी देणारा यूडेव्हचा नियम एकदा घालावा लागतो, विंडोजवर झॅडिग या साधनाने ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि ही पायरी नवख्याला अडवते. बऱ्याच डब्यांत एका प्रसिद्ध मूळ उपकरणाची ओळख-संख्या उचललेली असते, त्यामुळे त्या मूळ कंपनीचे सॉफ्टवेअरही त्यांच्यावर चालू शकते. ते सॉफ्टवेअर त्या कंपनीने स्वतःच्या उपकरणासाठी बनवले आहे. ते इथे वापरणे मला पटत नाही आणि पल्सव्ह्यू असताना त्याची गरजही भासत नाही. त्यातला आय-टू-सी डीकोडर पत्ता, वाचन-लेखन आणि पोचपावती सलग ओळीत मांडतो. क्लॉकच्या तारेवर त्यासोबत टायमिंगचा डीकोडर लावला, की कडांमधले अंतर आकड्यांत दिसते आणि त्याची सरासरीही घेता येते. बस कुठे थांबते तेही यातच सापडते. एखादा सेन्सर तयारीसाठी क्लॉकची तार खाली धरून ठेवत असेल, तर सरासरी वेग खालावतो आणि दोष भाजकाचा वाटतो; तरंगाकृतीत मात्र ती लांब दरी लगेच नजरेत भरते. बीसीएम-२८३५ मध्ये या थांबण्याला साथ देण्याच्या बाबतीत हार्डवेअरचाच दोष आहे, म्हणून अशा सेन्सरसोबत बसचा वेग मुद्दाम खाली आणण्याचा उपाय करावा लागतो, आणि तो किती खाली आणला म्हणजे पुरे होते हे ठरवायला ही डबी उत्तम आहे.

डबीत स्वतःची साठवण नाही. प्रत्येक नमुना थेट यूएसबीवरून संगणकाकडे जातो आणि पूर्ण वेगात सेकंदाला २४ मेगाबाइट वाहतात. त्याच हबवर बाहेरची डिस्क किंवा कॅमेरा असेल, तर प्रवाह तुटतो आणि नोंद मध्येच थांबते. ती संगणकाच्या स्वतंत्र तोंडाला जोडावी आणि आय-टू-सीसाठी नमुने घेण्याचा वेग ८ किंवा १२ मेगाहर्ट्झवर आणावा. १०० किलोहर्ट्झच्या बससाठी तेवढा भरपूर होतो आणि नोंद अनेक मिनिटे चालते.

तक्रारी तीन आहेत. डबीवर चॅनेलांना १ ते ८ असे क्रमांक आहेत, तर पल्सव्ह्यूमध्ये तेच ० ते ७ असतात. पहिल्या आठवड्यात मी एकदा डेटा आणि क्लॉक उलटे वाचले आणि अर्धा दिवस गेला. आता प्रत्येक पिनेशेजारी पांढऱ्या रंगाने खरा क्रमांक लिहून ठेवला आहे. सोबतच्या तारा सैल बसतात आणि ग्राउंडची तार सुटली तर पडद्यावर काहीबाही दिसते. या तारा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवून आखूड तारा आणि चिमटीचे हुक घ्यावेत. आखूड अशासाठी, की प्रत्येक तार बसवर थोडा कपॅसिटन्स वाढवते. आमच्याच लांब केबलच्या बोर्डांवर डबी जोडली की पोचपावतीच्या चुका वाढत आणि काढली की कमी होत, हे लक्षात यायलाही वेळ लागला. तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे: इनपुटवर संरक्षण जवळजवळ नाही. पिना ५ व्होल्ट सहन करतात, त्याहून जास्त नाही. १२ किंवा २४ व्होल्टच्या नियंत्रण पेटीत काम करताना एक चुकलेली तार डबीसह लॅपटॉपचे तोंडही जाळू शकते, म्हणून तिथे मी मध्ये यूएसबी आयसोलेटर (डबी आणि लॅपटॉप यांचा विजेचा थेट संबंध तोडणारे उपकरण) घालते. तोही हाय-स्पीडचा लागतो. १२ मेगाबिटवर थांबणाऱ्या स्वस्त आयसोलेटरमधून सेकंदाला २४ मेगाबाइट जाऊ शकत नाहीत.

ड्रायव्हर लिहिणाऱ्या किंवा डिव्हाइस ट्री बदलणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ही डबी असावी, असे मी आग्रहाने म्हणेन. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तर एका ऑसिलोस्कोपच्या किमतीत प्रत्येक गटाला एक देता येईल. मात्र ज्यांच्या बस १.८ व्होल्टवर चालतात, ज्यांना ४ मेगाहर्ट्झच्या वरचे एसपीआय पाहायचे आहे किंवा ज्यांना चढण मोजायची आहे, त्यांनी हे पैसे बाजूला टाकून पातळी बदलता येणाऱ्या महागड्या अ‍ॅनालायझरसाठी किंवा ५० मेगाहर्ट्झच्या दोन चॅनेलांच्या ऑसिलोस्कोपसाठी साठवावेत. आमच्याकडे आता डबी आणि ऑसिलोस्कोप दोन्ही आहेत. नवा बोर्ड आला की आधी डबी लागते, आवर्तनकाळ वहीत लिहिला जातो, आणि तो मागणीपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त लांबलेला असेल तरच ऑसिलोस्कोपचा प्रोब बाहेर निघतो.